आजीच्या वहीतलं बटरस्कॉच फज

घरोघरच्या जुन्या वह्या जमवायचं काम आपल्या मंडळानं हाती घेतलं, तेव्हा मी आमच्या आजीची पाककृतींची वही नोंदणीला दिली. लाल कापडी बांधणीची, दुकानाच्या हिशेबाला वापरतात तशी उभी वही. आत लोणच्यांचे मसाले, अनारशांचं पीठ, बाळघुटीतल्या मुळ्या, मधेच परटाच्या कपड्यांचा हिशेब. आणि अनारशांच्या पुढच्याच पानावर, त्याच वळणदार अक्षरात, एक मथळा: ‘बटर स्काच फज (मिसबाईंचे)’.

कृती अकरा ओळींची आहे. तांबडी साखर सपाट ३ कप, नसल्यास गूळ किसून. दूध १ कप. पोल्सन मोठे चमचे २, सपाट. मीठ चिमूट. गूळ घेतल्यास सोडा मुगाच्या दाण्याएवढा. अक्रोड, नसल्यास काजू. गोळीबंद पाक करावा. उतरवल्यावर हात लावू नये (याखाली दोन रेघा). कोमट झाल्यावर घोटावे. चकाकी गेली की ताटात थापावे.

या पदार्थाची आमच्या घरातली कथा अशी: आजोबा बेळगावच्या कॅम्पात धान्य पुरवायचे. तिथल्या एका साहेबाच्या बटलरनं त्यांना ही कृती दिली, त्यांनी ती आजीला आणून दिली. दिवाळीच्या ताटात या तपकिरी वड्या दिसल्या की पाहुण्यांना हे सांगितलंच जायचं. मीही कितीदा सांगितलंय. बेळगावात अशी कथा सहज खपते. १८१८ साली मन्रोच्या फौजेनं किल्ला घेतला, १८३०च्या दशकात छावणी वसली, आणि तेव्हापासून केक म्हणा, जॅम म्हणा, बिस्किटं म्हणा, घरातल्या प्रत्येक परक्या पदार्थाचं मूळ आपण कॅम्पाकडं बोट करून दाखवतो. वही नोंदवताना ‘प्राप्तिस्थान’ या रकान्यात मीही लिहून टाकलं: कॅम्प, साहेबाचा बंगला.

पुढं नोंदीसाठी चार ओळींचं टिपण लिहायला बसले आणि तिथंच अडकले.

आज बटरस्कॉच म्हटलं की आपल्याला पिवळं आइसक्रीम आठवतं, वर कुरकुरीत दाणे. त्यात पुष्कळदा ना लोणी असतं ना तांबडी साखर, असतो तो बाटलीतला वास. मूळ बटरस्कॉच म्हणजे लोणी आणि साखर कडक पाकापर्यंत शिजवून केलेली कडकडीत गोळी. तिचं गाव इंग्लंडातल्या यॉर्कशरमधलं डॉन्कास्टर. तिथं सॅम्युअल पार्किन्सननं १८१७ साली ती विकायला सुरुवात केली आणि १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरिया गावात आली तेव्हा तिला तिचा डबा नजर झाला. नावातल्या ‘स्कॉच’चा स्कॉटलंडशी संबंध असेलच असं नाही. थापलेल्या पाकावर सुरीनं चिरा पाडायच्या, त्या चिरा पाडण्याला इंग्रजीत हाच शब्द होता, असं एक मत आहे. आपण वड्या पाडतो तसंच की ते.

फजची गोष्ट वेगळी. फज मऊ, तोंडात विरघळणारं, आणि त्याचा जन्म अमेरिकेतला. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासार या मुलींच्या कॉलेजातल्या एमेलिन बॅटर्सबी हार्ट्रिज हिनं एका पत्रात लिहून ठेवलंय की १८८६ साली बाल्टिमोरमध्ये फज ४० सेंट पौंड या भावानं विकलं जात होतं. तिनं कृती मिळवली आणि १८८८ साली कॉलेजच्या लिलावासाठी ३० पौंड फज केलं. तिथून ते दुसऱ्या मुलींच्या कॉलेजांत पसरलं. रात्री वसतिगृहाच्या खोलीत चोरून शिजवायचा पदार्थ म्हणून त्याची ख्याती होती. म्हणजे हा पदार्थ मुळात खानसाम्यांचा नव्हेच, शिकणाऱ्या मुलींचा.

त्याचाच एक प्रकार तांबड्या साखरेचा, लोण्याच्या वासाचा. त्यालाच कुणी बटरस्कॉच फज म्हणतं, कुणी पनूची. हा दुसरा शब्द मेक्सिकोतल्या स्पॅनिशमधून आला, आणि तिथं त्याचा अर्थ कच्ची साखर, म्हणजे जवळजवळ आपला गूळच. ‘नसल्यास गूळ’ असं आजी लिहून गेली, ती नकळत पदार्थाच्या मुळावरच बोट ठेवून गेली म्हणायची.

आता कुणी म्हणेल, साहेबांमध्ये स्कॉच पलटणीही होत्या, आणि स्कॉटलंडात ‘टॅब्लेट’ नावाची दूधसाखरेची वडी अठराव्या शतकापासून आहे, ती का नसावी? मीही आधी तिकडंच वळले होते. पण टॅब्लेट पांढऱ्या साखरेची असते, फजपेक्षा कडक असते, आणि मुख्य म्हणजे तिला कुणी फज म्हणत नाही.

खरा पुरावा मला मापात सापडला. आजीच्या वहीत बाकी सगळं शेर, पावशेर, नवटाक, तोळा, नाहीतर ‘अंदाजाने’. या एका पानावर मात्र कप, आणि कपाच्या आधी ‘सपाट’. जुनी विलायती कृती पौंड आणि औंसात बोलते, जिन्नस तोलून घ्यायला सांगते. कपानं मोजायचं, चमचाही वरून सुरीनं सपाट करून घ्यायचा, ही शिस्त अमेरिकेतली. बॉस्टनच्या फॅनी फार्मर बाईंच्या १८९६ सालच्या पुस्तकानं ती घराघरात नेली. कॅम्पातल्या बटलरनं कृती सांगितली असती तर ती पौंडात आली असती, नाहीतर मुठीच्या अंदाजानं. ‘सपाट’ हा शब्द आजीला कुणीतरी समोर बसवून, हातात सुरी घेऊन दाखवलेला आहे.

आणि बेळगावात अमेरिकन माणसं होती. लंडन मिशनरी सोसायटीचं काम इथं १८२० पासून चाललं होतं. १९०४ साली ते काम, शाळांसकट, अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. आपण मिशनच्या शाळांची नावं रोज घेतो, पण तिथल्या बाया कुठल्या देशाच्या होत्या याचा विचार करत नाही. गोरं माणूस दिसलं की साहेब, झालं!

मग मथळ्यातला ‘मिसबाई’ हा शब्द डोळ्यात खुपायला लागला. घरात त्याचा अर्थ साहेबाची मुलगी असा लावलेला. पण साहेबाच्या मुलीला नोकरमाणसं म्हणायची मिसीबाबा. मिसबाई म्हणजे मिशनमधली शिकवणारी अविवाहित बाई.

इथवर आल्यावर पदार्थ स्वतः करून बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही असं ठरवलं. (मंडळातल्या काही सभासदांनी या टप्प्यावर फार उत्साह दाखवला, त्याची नोंद करून ठेवते.) महालिंगपूरचा गूळ आणला, पिवळाधमक नव्हे, काळसर बघून. गूळ घातलेलं दूध तापवलं की नासतं हे आपल्याला ठाऊक असतं, ते गुळातल्या आंबटपणामुळं आणि क्षारांमुळं. मुगाएवढा सोडा त्यासाठी. त्यानं आणखी एक काम होतं, रंग लवकर चढतो. कुंद्याच्या गावात दूध-साखर आटवून तपकिरी कशी होते हे सांगायला नकोच.

पहिला घाणा सवयीनं बिघडला. नारळाच्या वड्या करताना गॅसवरून उतरवलं तरी आपला हात थांबत नाही, तसाच मी हाही घोटत राहिले. झाली वाळू. पाक गरम असताना हलवला की साखरेचे कण मोठे आणि खरबरीत बांधतात. न हलवता कोमट होऊ दिला आणि मग जोरानं घोटला की असंख्य बारीक कण एकदम बांधले जातात, म्हणून जिभेला ते लागतच नाहीत. आजीच्या त्या दोन रेघा यासाठी होत्या.

दुसऱ्या घाण्याला पाकाचं थर्मामीटर आणलं. पुस्तकात ११२ ते ११६ अंश सेल्सिअस सांगितलेलं, मी ११५ला उतरवलं. वडी पडली, पण दातानं तोडावी लागली. कारण उशिरा उमगलं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. इथं पाणी १०० अंशांना उकळत नाही, दोन-अडीच अंश आधीच उकळतं. म्हणजे पाकाचा काटाही तेवढा खाली धरायला हवा, ११०-११३ला. पुस्तकातले आकडे समुद्राकाठचे. माझा पाक मऊ गोळीच्या पुढं घट्ट गोळीला जाऊन पोचला होता.

आत्या हे सगळं खुर्चीत बसून बघत होती. ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. शेवटी म्हणाली, “अगं, गोळी बघ गोळी. काटा काय बघतीस?”

तिसऱ्या घाण्याला वाटीत गार पाणी घेतलं, त्यात थेंब सोडला. आधी तो पसरला, विरघळला. दोन मिनिटांनी तळाशी बसला, पण बोटात धरता येईना. आणखी थोड्या वेळानं मऊ गोळी वळली आणि पाण्याबाहेर काढल्यावर सावकाश चपटी झाली. तिळाच्या लाडवांना चालतो तसा टणक नव्हे, हा त्याच्या अलीकडचा. ही परीक्षा बेळगावातही चालते आणि बॉस्टनमध्येही, उंचीचा हिशेब ती आपोआप करून घेते. अमेरिकन पुस्तकातही नेमकी हीच परीक्षा आहे, गार पाण्यातली मऊ गोळी. ती मिसबाईंनी दाखवली असेल तेव्हा आजीनं ‘म्हणजे गोळीबंद’ असं मनाशी म्हटलं असणार, कारण वहीत तिनं तेवढा एकच शब्द लिहिलाय, समजावून काहीच लिहिलेलं नाही. कप मात्र ‘सपाट’ असा बजावून लिहिलाय. तिला नवीन काय होतं आणि येत काय होतं, हे त्या पानावर स्वच्छ दिसतं.

उतरवून त्यात पोल्सनऐवजी आजचं बटर घातलं. (पोल्सनची आणंदची डेअरी १९३०च्या सुमाराची. अमूलच्या आधी बटरला पोल्सनच म्हणायचे, तेव्हा पान साधारण त्यानंतरचं, आणि शेर-पावशेर जाण्याच्या आधीचं.) पातेलं तासभर कुणी हलवलं नाही. तळाला हात लावून कोमट वाटल्यावर लाकडी डावानं घोटायला घेतलं. दहा-बारा मिनिटं नुसता चकचकीत चिकट गोळा. मग एकाएकी रंग फिका झाला, चकाकी गेली. त्या क्षणी थापलं नाही तर पातेल्यातच बसतं.

आत्यानं एक तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी वही पुढं केली. “आत्या, ही मिसबाई कोण गं?”

“शिवणाची बाई.”

मी म्हटलं, साहेबाची मुलगी नव्हे?

“साहेबाची कसली! आई मिशनच्या आवारात शिवण शिकायला जायची. बुधवारी. घरी सांगायची देवळात जाते म्हणून. मीसुद्धा गेलेय तिच्या बोटाला धरून. पांढऱ्या बशीत दोन तुकडे मिळायचे. ते तिथंच खायचे, हात पुसायचे आणि मग घरी.”

“आणि आजोबांचा बटलर?”

“ते अण्णांनी काढलं.” आमच्या आजोबांना ती अण्णा म्हणते. “त्यांना ठाऊक होतं सगळं. एकदा आईनं दिवाळीला हे केलं आणि माझ्या आजीनं विचारलं, हे कुठनं शिकलीस? आई गप्पच. अण्णा म्हणाले, मीच आणलं कॅम्पातनं लिहून, बटलरनं दिलं. मिटलं.”

ते का मिटलं हे आज समजावून सांगावं लागेल. मिशनच्या घरी जाऊन काही खाल्लं, असा नुसता संशय आला तरी त्या काळी ‘बाटली’ हा शब्द निघायचा, आणि सुनेचं घराबाहेर पडणं तिथंच संपायचं. साहेबाच्या बंगल्यातून मात्र आला होता फक्त कागद, तोही पुरुषाच्या हातून. त्यात बाटण्याची भीती नव्हती, उलट थोडा मोठेपणाच होता. एका वाक्यात अण्णांनी आजीचे बुधवार वाचवले. ते वाक्य पुढं सत्तर-ऐंशी वर्षं आम्ही पाहुण्यांना अभिमानानं सांगत राहिलो, आणि त्यात शिवणाची बाई नाहीशी झाली, आजीचं जाणंही नाहीसं झालं. वहीत मात्र आजीनं कंसात लिहून ठेवलं होतं. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, असं आत्या सांगते.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या नोंदवहीतला रकाना दुरुस्त करायला घेतला. ‘कॅम्प, साहेबाचा बंगला’ यावर काट मारणार, तेवढ्यात आत्याचा फोन आला. नवीन खुशाल लिही म्हणाली, पण जुनं खोडू नको, अण्णांनी सांगितलेलंपण राहू दे की. म्हणून त्या रकान्यात आता दोन ओळी आहेत. वरची आजोबांची, खालची आजीची: ‘मिशन आवार, शिवणवर्ग, बुधवार’.