बांधल्याशिवाय राहील तेच पाळावे



हल्ली आपल्या बऱ्याच घरांत एक प्रश्न निघतो. मुलांना ससा हवा असतो. कुत्रा-मांजर मांस खाणारे, त्यांना आपल्या घरात कसे ठेवायचे म्हणून आईवडील नको म्हणतात. ससा मात्र गवत खाणारा आणि गरीब जीव, म्हणून त्याला होकार मिळतो. बाजारातून पिंजऱ्यासकट जोडी येते. चार दिवस कौतुकाचे जातात. मग घरातल्या कुणाला तरी त्या जाळीकडे बघून वाईट वाटायला लागते आणि विचारणा होते, याला घरात मोकळे सोडले तर चालेल का?

काही जणांना ही परदेशातली नवी हौस वाटते. मला तसे वाटत नाही. घरात ठेवलेल्या मुक्या जीवाला बांधावे की नाही, आणि बांधायचे तर किती, हा प्रश्न आपल्या श्रावकाचाराने हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच विचारात घेतला आहे. त्याची हकीकत आज सांगते.

आधी सशाची ओळख नीट करून घेऊ, कारण ससे दोन आहेत आणि आपण दोघांना एकच समजतो.

आमची मैंदर्गी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत. इथे निम्मे बोलणे कानडीत चालते. कानडीत सशाला ‘मोल’ म्हणतात. मराठी कानाला वाटते कुणी किंमतच विचारतो आहे. हा मोल म्हणजे आपल्या माळावरचा रानससा, मानेवर काळा डाग असलेला. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, तिथल्या गवताळ माळावरही तो आहे. हा बीळ करत नाही. गवतात अंगापुरती खळगी करून बसतो. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ आणि डोळे उघडलेली असतात. आई त्यांना दिवसभर एकटी ठेवते आणि अंधार पडला की येऊन पाजते. ज्वारी काढताना असे पिल्लू सापडले की लोकांना ते पोरके वाटते आणि दयेपोटी घरी आणले जाते. घरी ते बहुधा जगत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानससा पाळता येत नाही. ज्या जागी दिसला त्या जागी त्याला राहू देणे हीच त्याच्यावरची दया.

दुकानात मिळणारा पांढरा, करडा, लांब केसांचा ससा हा दुसराच प्राणी. त्याचे मूळ स्पेन-पोर्तुगालकडचे. तो बिळात, कळपाने राहणारा. त्याची पिल्ले उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात वारो नावाच्या रोमन लेखकाने शेतीवर पुस्तक लिहिले, त्यात भिंतींनी वेढलेल्या सशांच्या वाडग्याचे वर्णन आहे आणि स्पेनकडच्या या बिळातल्या सशाचाही उल्लेख आहे. म्हणजे माणसाने त्याला प्रथम कोंडले ते खाण्यासाठी. पुढे युरोपात मांसासाठी, कातड्यासाठी, लोकरीसाठी त्याच्या जाती वाढवल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात तो हौसेचा प्राणी झाला, प्रदर्शनात बक्षिसे मिळवू लागला; पण राहायला त्याला परसातली लाकडी पेटीच मिळाली. विसाव्या शतकात तो प्रयोगशाळेत गेला. १९४४ पासून प्रसाधने आणि रसायने डोळ्याला झोंबतात का हे पाहायला ती सशाच्या डोळ्यात घालण्याची पद्धत रूढ झाली. आपल्या देशाने सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राण्यांवर होणाऱ्या चाचण्या २०१४ मध्ये बंद केल्या.

ससा पिंजऱ्यातच राहणारा प्राणी, अशी जी आपली समजूत आहे ती या धंद्यातून आली. सशाच्या स्वभावातून नव्हे. अमेरिकेत १९८५ साली मॅरिनेल हॅरिमन या बाईंनी घरात मोकळ्या राहणाऱ्या सशावर पुस्तक लिहिले आणि १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात त्यासाठी संस्थाही निघाली. ससा एका कोपऱ्यात ठरलेल्या जागी विधी करायला शिकतो, माणसांमागे घरभर हिंडतो, हे त्यांनी लोकांना दाखवून दिले. तिकडे ही गोष्ट नवी वाटली.

आता आपल्याकडे वळू.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे, म्हणजे अहिंसाणुव्रताचे, पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारातही हेच पाच आहेत, क्रम आणि शब्द थोडे वेगळे. आपण हे पाठशाळेत घोकले, पण यात पहिला ‘बंध’ का, याचा विचार क्वचित करतो. पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत बंधाचा अर्थ सांगितला आहे तो असा: जीवाला जिथे जावेसे वाटते तिथे जाण्यापासून जे अडवते, तो बंध. यात रक्त नाही, मार नाही, उपासमार नाही. दाणापाणी वेळेवर आहे, जागा स्वच्छ आहे, तरीही जाण्याची इच्छा अडवली, एवढ्यानेच व्रताला डाग लागतो. कर्म आत्म्याला चिकटते त्यालाही आपण बंधच म्हणतो. स्वतःच्या बंधातून सुटण्यासाठी धडपडणाऱ्याने दुसऱ्याला बंधात घालावे, हे त्या आचार्यांना पटणारे नव्हते.

पण शास्त्रकार व्यवहार जाणणारे होते. श्रावकाच्या घरी गाईबैल असणार, दावणीला दावे असणार, हे त्यांना ठाऊक होते. आवश्यक सूत्राच्या चूर्णीत आणि नंतर श्वेतांबर आचार्यांच्या टीकांमध्ये याचा खुलासा आहे. बांधणे दोन प्रकारचे, कारणाने आणि विनाकारण. विनाकारण मुळीच बांधू नये. कारणाने बांधायचे तर गाठ सैल असावी, जनावराला हालचाल करता यावी, आणि आग लागली तर दावे झटकन सोडता किंवा तोडता यावे. आणि शेवटी सांगितले आहे की श्रावकाने शक्यतो असेच प्राणी ठेवावेत जे न बांधता राहतील. दिगंबर परंपरेत तेराव्या शतकातील पंडित आशाधरांच्या सागारधर्मामृतातही याच वळणाचा उपदेश आहे.

यातली आगीची अट मला फार मोलाची वाटते. ती लिहिणाऱ्याने जनावराच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले असणार. आपण सगळे लग्नाला परगावी गेलो, दाराला कुलूप, पिंजऱ्याला कडी, आणि आत ससा. अशा वेळी काय होईल, हा विचार त्यांनी गोठ्यासाठी केला होता. आपण तो फ्लॅटसाठी करायचा.

कथा तर आपल्या सर्वांना माहीत आहेत. नेमिनाथांची वरात निघाली, वाटेत वाड्यात कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी आला, आणि ते राजुलच्या दारातून फिरून गिरनारला गेले. ज्ञाताधर्मकथेत मेघकुमाराची गोष्ट आहे, तिच्यात प्रत्यक्ष ससाच आहे. मेघकुमार आदल्या जन्मी हत्ती होता. रानाला वणवा लागला तेव्हा त्याने आधीच साफ करून ठेवलेल्या जागेत सगळी जनावरे दाटीने येऊन उभी राहिली. हत्तीने अंग खाजवायला पाय उचलला, तेवढ्यात त्या जागी एक ससा येऊन बसला. हत्तीने पाय खाली ठेवला नाही. अडीच दिवस तसाच उचलून धरला. वणवा विझला, ससा निघून गेला, आणि आखडलेल्या पायाचा हत्ती कोसळला. पुढच्या जन्मी तो श्रेणिक राजाचा मुलगा झाला. दीक्षा घेतल्यावर पहिल्याच रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या साधूंचे पाय लागून झोप मोडली म्हणून तो घरी परतायला निघाला, तेव्हा महावीरस्वामींनी त्याला ही गोष्ट सांगितली. हत्तीने सशाला पकडले नाही, कुरवाळले नाही. त्याने आपली जागा आवरून सशाला जागा दिली. घरात ससा मोकळा ठेवणे म्हणजे याहून वेगळे काय असते?

कथांबाहेरच्या इतिहासातही हे दिसते. अकबराच्या बोलावण्यावरून हीरविजयसूरी १५८३ मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांच्या सांगण्यावरून बादशहाने पर्युषणात हत्या बंद केली आणि पिंजऱ्यातले पक्षी सोडले. मुंबईत सरकारने मोकाट कुत्री मारायला काढली म्हणून १८३२ मध्ये दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, शेठ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. दिल्लीत चांदणी चौकातल्या दिगंबर जैन लाल मंदिरात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय आहे. तिथे बरा झालेला पक्षी पुन्हा कुणाच्या पिंजऱ्यात जात नाही, आकाशात सोडला जातो.

मात्र इथेच एक सावधगिरी हवी. पक्षी सोडला तसा हा ससा सोडता येत नाही. महावीर जयंतीला दुकानातून ससे विकत घेऊन माळावर सोडणारे लोक असतात. त्यांना ते अभयदान वाटते. पण पिढ्यान् पिढ्या घरात वाढलेला पांढरा ससा आमच्या काळ्या रानात लपू शकत नाही. कुत्री, मुंगसे आणि ऊन यांच्यापुढे तो टिकत नाही. दुकानदार तर विकले गेले म्हणून तेवढेच आणखी मागवतो. आणि जिथे तो टिकला तिथे काय झाले तेही जगाने पाहिले आहे. १८५९ साली ऑस्ट्रेलियात थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीसाठी सुमारे दोन डझन ससे सोडले. त्यांची संख्या इतकी वाढली की कुरणे उजाड झाली आणि पुढे ससे मारायला रोग पसरवावा लागला. म्हणून या सशासाठी मोकळीक याचा अर्थ रान नव्हे. त्याची मोकळीक घरातच, आणि ती देणारे आपणच.

ती कशी द्यायची, याचा विचार मी पाच अतिचारांच्याच क्रमाने करते.

बंध: पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून तो त्याचे बीळ समजावा. निदान एक खोली त्याची असावी. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो कुरतडणारच. विजेच्या वायरी वर घ्याव्यात किंवा नळीत घालाव्यात. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय घसरतात. जुनी सोलापुरी चादर अंथरली की पुरते. आपल्याकडची शहाबादी फरशी उन्हाळ्यात त्याला सुखाची, कारण त्याला घाम येत नाही आणि सोलापूरचा मे चाळिशीच्या वर असतो.

वध, म्हणजे इजा: कानाला धरून उचलू नये. लहान मुलांनी त्याला उचलूच नये, जमिनीवर बसून हात लावावा. मागच्या पायांनी जोरात झटका दिला तर त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो.

छेद: नर-मादी एकत्र असली तर एका महिन्यात पिल्ले होतात आणि लगेच पुन्हा मादी गाभण राहते. शस्त्रक्रिया करावी की नाही यावर आपल्या घरांत वाद होतात. जुन्या टीकाकारांनी गळू कापणे हा दोष धरलेला नाही, कारण ते जीवाच्या भल्यासाठी असते. न केल्यास मादीला पुढे गर्भाशयाचा कर्करोग होण्याची भीती मोठी आहे. म्हणून सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने ती करावी, या मताची मी आहे.

अतिभार: तो खेळणे नाही. दिवसा पडून राहणारा आणि सकाळ-संध्याकाळ खेळणारा जीव आहे. वाढदिवसाच्या पाहुण्यांसमोर त्याला हातोहात फिरवणे हा त्याच्यावर भारच.

अन्नपाननिरोध: त्याचे मुख्य अन्न वाळलेले गवत, ते चोवीस तास समोर हवे. अर्धा दिवस पोट रिकामे राहिले तर त्याच्या जिवावर बेतते. आपला उपवास असला तरी त्याचा नसतो. कांदा, लसूण, बटाटा त्याला चालत नाही, म्हणजे आपले स्वयंपाकघर त्याला आपोआप मानवते. गाजर हे त्याचे अन्न आहे हा चित्रातला समज. गाजराशिवाय त्याचे काही अडत नाही, तेव्हा कंदमूळ वर्ज्य करणाऱ्यांनी संकोच धरू नये.

शेवटी हिशेबाची गोष्ट. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. चौथीतल्या नातवाने हट्ट केला तर तो कॉलेजात जाईपर्यंत ससा घरात असणार, आणि नातू शिकायला पुण्याला गेला की त्याचे गवतपाणी घरातल्या बाईकडेच येणार. तेवढी वर्षे एक खोली त्याच्यासाठी आवरून ठेवता येत असेल, तर आधीच कुणीतरी टाकून दिलेला ससा घरी आणावा. जमत नसेल तर मुलांना जवळ बसवून शास्त्रातले ते साधे वाक्य सांगावे: न बांधता राहील असाच जीव घरात ठेवावा. आणि हिवाळ्यात एखाद्या पहाटे त्यांना माळावर न्यावे. गवतातून उसळी मारून पळणारा मोल दिसला तर त्याच्या मागे धावू नये, उभे राहून बघावे.

जय जिनेंद्र.