मावशी, केअरर आणि जिना : प्रस्तावना

आपल्याकडे घरात कुणी अंथरुणाला खिळलं की ब्युरोला फोन जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता एक मावशी दारात उभी असते. ‘पेशंट सांभाळलेत का याआधी?’ एवढंच आपण विचारतो. ती हे काम कुठे शिकली, पुढे काय होणार, हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत. इंग्लंडला ते पडले. उत्तर शोधताना तिथे जे प्रयोग झाले, त्यांपैकी ‘करिअर अकादमी’ हा एक.

आधी शब्दाची उकल. ‘ॲडल्ट सोशल केअर’ म्हणजे वृद्ध, अपंग आणि मानसिक आजार असलेल्या प्रौढांना रोजच्या जगण्यात दिलेला आधार: आंघोळ, जेवण, औषधांच्या वेळा, सोबत. एनएचएस या तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा दवाखाना रुग्णाला फुकट असतो, ही सेवा तशी नाही. ती स्थानिक कौन्सिलच्या अखत्यारीत येते आणि तिला मालमत्तेची अट आहे. 23,250 पौंडांहून अधिक गाठीशी असतील, तर सहसा खर्च आपला आपण करायचा. प्रत्यक्ष काम करतात हजारो खासगी आणि धर्मादाय संस्था, त्यांतल्या बऱ्याचशा अगदी छोट्या. स्वतःची प्रशिक्षणशाळा काढणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे. अकादमीची गरज इथून सुरू होते.

अकादमी म्हणजे इमारत असेलच असे नाही. बहुतेकदा तो कौन्सिल, जवळचे कॉलेज, रोजगार केंद्र आणि केअर संस्था यांनी मिळून घातलेला घाट असतो. काही आठवड्यांचे शिक्षण, थोडा प्रत्यक्ष अनुभव आणि शेवटी मुलाखत. शिकवण्याचा पाया असतो ‘केअर सर्टिफिकेट’. 2013 साली कॅमिला कॅव्हेंडिश यांच्या अहवालाने प्रशिक्षणातली विसंगती दाखवून दिली आणि 2015 पासून हे प्रमाणपत्र आले. त्यात सुरुवातीला पंधरा मानके होती. खासगीपणा आणि सन्मान हे त्यांतले एक, अन्नपाणी हे दुसरे. वरवर साधी वाटतात. पण डिमेन्शिया झालेल्या आजी आंघोळीला नकार देतात, तेव्हा नेमके काय करायचे? जबरदस्ती नाही आणि सोडूनही द्यायचे नाही. पाणी गरम आहे की गार, न्हाणीघरात कोण परके उभे आहे, त्यांना लाज वाटते आहे का, हे वाचता यावे लागते. याला कसब म्हणतात. ‘बायकांना हे उपजतच येतं’ असे म्हणत आपण ते स्वस्त करून टाकले आहे. इंग्लंडमध्येही या क्षेत्रात दर पाचांत सुमारे चार बायकाच आहेत, हा योगायोग नव्हे.

आता आकडे, थोडक्यात. ‘स्किल्स फॉर केअर’ या संस्थेच्या अंदाजानुसार 2021-22 मध्ये सुमारे 1,65,000 जागा रिकाम्या होत्या. फेब्रुवारी 2022 मध्ये केअर कामगारांसाठी व्हिसाची वाट मोकळी झाली आणि नायजेरिया, झिम्बाब्वे, भारत इथून माणसे गेली. रिकाम्या जागा घटून 2024-25 मध्ये 1,11,000 च्या आसपास आल्या. जुलै 2025 मध्ये मात्र परदेशातून नव्या भरतीचे दार बंद झाले. म्हणून आता साऱ्यांच्या नजरा पुन्हा स्थानिक अकादम्यांकडे वळल्या आहेत.

माझे मत मात्र थोडे कडवट आहे. अकादमी दार उघडते, जिना बांधत नाही. पाच वर्षे काम केलेल्या केअररला नवख्यापेक्षा तासाला जेमतेम काही पेनी जास्त मिळतात, असे चित्र अलीकडच्या काळात दिसले. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ पुष्कळदा मजुरीत धरलाच जात नाही. अशा नोकरीत शिकून आलेली मुलगी वर्षभरात सुपरमार्केटच्या काउंटरवर दिसली, तर दोष अभ्यासक्रमाचा नाही. जानेवारी 2024 मध्ये सरकारने ‘केअर वर्कफोर्स पाथवे’ जाहीर केला. त्यात पदांच्या पायऱ्या आखल्या आहेत, पण कागदावरची पायरी पगाराच्या पावतीवर उमटतेच असे नाही.

या विषयात पाऊल टाकताना धोरणपत्रांनी सुरुवात करू नका. एखाद्या केअररचा दिवसाचा तक्ता मिळवा: किती घरे, प्रत्येकी किती मिनिटे, मधला प्रवास कुणाच्या खर्चाने. तो तक्ता शेजारी उघडा ठेवून मग अकादमीचा अभ्यासक्रम वाचायला घ्या.