उसाने वसविलेले बेट

हिंदी महासागरातील मॉरिशसला मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. अरब खलाशांना व पोर्तुगीज नाविकांना ते ठाऊक होते, पण तेथे वस्ती कोणी केली नाही. १५९८ मध्ये डचांनी त्यास आपल्या राजपुत्राचे नाव दिले, पुढे जावाहून ऊस आणून लावला, आणि १७१० मध्ये ते निघून गेले तेव्हा डोडो पक्षी निर्वंश झाला होता, ऊस मात्र मागे राहिला होता. या बेटावर पुढे जी माणसे आली, त्यांतील बहुतेकांना प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष या पिकानेच ओढून आणले.

१७१५ मध्ये फ्रेंचांचा अंमल बसला आणि १७३५ मध्ये आलेल्या ला बुर्दोने या गव्हर्नराने पोर्ट लुई बंदराची उभारणी केली. त्यासाठी पाँडिचेरीकडून कारागीर आले. मळ्यांत राबण्यासाठी मादागास्कर व मोझांबिककडून गुलाम आणले गेले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, परंतु शरणागतीच्या करारनाम्यात रहिवाशांचा धर्म, कायदे व वहिवाट अबाधित राखण्याचे मान्य केल्यामुळे दप्तर इंग्रजीत आणि दिवाणी कायदा फ्रेंच वळणाचा असा शिरस्ता तेथे रूढ झाला.

१८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, तेव्हा मळेवाल्यांना नुकसानभरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. ज्यांचे आयुष्य हिरावले गेले होते त्यांना काहीच मिळाले नाही, उलट उमेदवारीच्या नावाखाली त्यांना आणखी काही वर्षे त्याच मळ्यांत जखडून ठेवण्यात आले. त्यांची जागा भरण्यासाठी १८३४ पासूनच कलकत्ता, मद्रास व मुंबई या बंदरांतून गिरमिटिये म्हणजे करारबद्ध मजूर येऊ लागले होते, आणि ही भरती थांबेपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या बेटावर उतरली. करार सामान्यतः पाच वर्षांच्या मुदतीचा आणि पगार महिना पाच रुपये व शिधा असा असे. पण एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची जी रीत होती, तिच्यामुळे तेवढा पगारही पुरता हाती पडत नसे. पोर्ट लुईच्या ज्या डेपोत त्यांची नोंद होई, तो आज आप्रवासी घाट या नावाने जागतिक वारशात गणला जातो.

त्या नोंदवह्यांत माणसाचा क्रमांक लिहिला जाई. त्याचे दैवत आणि गाणे मात्र कोणी टिपून ठेवले नाही, ते त्याने स्वतःच जतन केले. भोजपुरी बायकांनी लग्नघरची गीते राखली, तमिळांनी कावडी राखली, आणि रत्नागिरीकडून मुंबईमार्गे गेलेल्या मराठी कुटुंबांनी ब्लॅक रिव्हरच्या परिसरात गणपती बसविला. त्या उत्सवात ढोलकीच्या ठेक्यावर जी झाकरी नाचली जाते, तिच्यात कोकणातील जाखडीची ओळख कोकणी माणसास सहज पटावी. आणि गणेश चतुर्थीस आता सबंध देशास सुटी असते. गुलामांच्या वंशजांचा सेगा हा नाचगाण्याचा प्रकार याहून जुना. त्याचे रावान हे वाद्य लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून केलेले असते, आणि शिमग्यात आपल्याकडे डफ शेकतात तसे ते वाजविण्यापूर्वी विस्तवावर धरून कडक करतात.

निरनिराळे समाज आपापल्या देवळांत, मशिदींत व चर्चांत विभागलेले राहिले, तरी ते एकमेकांशी बोलले कसे, हा प्रश्न कोणा जिज्ञासूने विचारला, तर उत्तर राज्यकर्त्यांच्या भाषांत सापडत नाही. मळ्यावर राबणाऱ्या गुलामांनी फ्रेंच शब्द आपल्या जिभेवर वळवून जी क्रिओल बोली घडविली, तीच मजुरांना उधारीवर माल देणाऱ्या चिनी दुकानदाराने शिकून घेतली, गुजराती व्यापाऱ्याने शिकून घेतली, आणि गिरमिटियांच्या नातवंडांच्या तोंडी तर ती घरचीच झाली. ज्यांना भरपाईत कवडीही मिळाली नाही, त्यांनी सर्व बेटास बोली दिली. म्हणून मॉरिशसच्या संमिश्र वारशाचा हिशेब मांडणाऱ्याने जमेची पहिली रक्कम त्यांच्याच नावे लिहिली पाहिजे.