पट्ट्याचा ताण आणि कामगाराचा हात

१/ पुणे स्टेशनजवळच्या राजाबहादूर मिलच्या आवारात आज कार्यालये आणि उपाहारगृहे आहेत. ही कापड गिरणी १८९३ सालची. त्या काळी गिरण्यांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर नसे. शक्ती यंत्रापर्यंत पोहोचे ती पट्ट्यांवरून. पट्टा किती ताणावा, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. पण तो कामगाराच्या जिवाशी जोडलेला होता.

२/ रचना अशी असे : एक वाफेचे इंजिन, छताखालून गेलेला लांबलचक फिरता दांडा म्हणजे लाइन शाफ्ट, त्यावर ओळीने पुल्या आणि प्रत्येक पुलीवरून खालच्या यंत्राकडे उतरणारा पट्टा. एखादाच माग थांबवायचा असेल, तर त्याचा पट्टा शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवत. वरचा दांडा फिरतच राही.

३/ पट्टा पुलीला धरून राहतो तो घर्षणामुळे. याचे गणित १८व्या शतकात ऑयलरने मांडले होते. ताण कमी पडला, तर पट्टा घसरतो, तापतो आणि यंत्र मंदावते. ताण जास्त झाला, तर बेअरिंग तापतात, दांड्यावर भार येतो आणि पट्ट्याची शिवण उसवते. म्हणून नियम एकच : घसरू नये इतका ताण, त्याहून फार अधिक नाही.

४/ हा नियम पाळणे मात्र कठीण होते. चामड्याचा पट्टा वापराने लांबतो. मग तो उतरवून, थोडा कापून, टोके वादीने पुन्हा शिवावी लागत. राजाबहादूर मिल उभी राहिली त्याच १८९३ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलरने पट्ट्यांवरील आपला निबंध सादर केला. त्यामागे ९ वर्षांचे निरीक्षण होते. त्याचे सांगणे असे : ताण हाताच्या अंदाजाने ठरवू नये, स्प्रिंगच्या काट्याने मोजावा, आणि पट्ट्यांची निगा ठरावीक काळाने, त्याच कामावर नेमलेल्या माणसाने घ्यावी.

५/ खरी अडचण वेगळीच होती. पट्टा निर्धोकपणे हाताळायचा, तर दांडा थांबला पाहिजे. आणि दांडा थांबला, की त्यावरचे सगळे माग थांबणार. एका सैल पट्ट्यासाठी उत्पादन कोण थांबवणार? चालत्या दांड्यावरच पट्टा चढवण्याचा मोह यातूनच होई. पट्टा आणि पुली जिथे मिळतात, तिथे सदऱ्याची बाही किंवा धोतराचा सोगा सापडला, तर हात मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही.

६/ १८८१च्या फॅक्टरी कायद्याने धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद केली. पण जखमी कामगाराच्या पोटाचे काय? ‘दीनबंधू’ हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतून चालवले. १८८४ मध्ये लोखंड्यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी केलेल्या मागण्यांत एक स्पष्ट होती : कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अपंग झाल्यास निर्वाहाची सोय. भरपाईचा कायदा आला तो १९२३ मध्ये, तब्बल ३९ वर्षांनी.

७/ १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे यंत्रायंत्राला स्वतंत्र मोटर आली, तसा एकासाठी सगळे थांबवण्याचा पेच सुटत गेला. १९४८च्या फॅक्टरी कायद्याने चालत्या यंत्राजवळचे काम घट्ट कपडे घातलेल्या, खास प्रशिक्षित प्रौढ पुरुष कामगारापुरते मर्यादित केले आणि फिरत्या पुलीवर पट्टा हाताळण्यालाही कडक अटी घातल्या.

८/ आजच्या कारखान्यांतील कन्व्हेयर बेल्टचा ताण शेवटच्या पुलीच्या स्क्रूने जुळवतात. लांब बेल्टवर टांगलेले वजन तो आपोआप राखते. ऑयलरचे गणित तेच आहे. बदलला तो कामाचा क्रम : आधी वीज बंद, मग कुलूप आणि त्यानंतरच बेल्टला हात. या साध्या क्रमामागे पाऊण शतकाचा झगडा आहे.