ठरलेली पैज, मोकळी पैज

सॅमी फरहाच्या हातात नव्वीची जोडी होती, आणि त्याने पाने टाकून दिली. 2003 साली लास वेगासच्या बिनियन्स हॉर्सशू कॅसिनोत, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या अखेरच्या लढतीत, ख्रिस मनीमेकरने फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पाने, हुकल्यावर नुसत्या राजावर सगळ्या चिप्स पुढे सारल्या होत्या. लोक त्याच्या धाडसाबद्दल बोलतात. मी संख्याशास्त्र शिकवते. मला तिथे नियमाची ताकद दिसते. डाव नो-लिमिटचा, म्हणजे मोकळ्या पैजेचा होता; लिमिटचा, म्हणजे ठरलेल्या पैजेचा असता तर फरहाने ठरलेली एक पैज भरून पाने उघडायला लावली असती.

समजा, पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 100 डॉलर आहेत, शेवटचे पान यायचे आहे आणि फ्लशसाठी तुम्हाला एक बदाम हवा. न दिसलेल्या 46 पानांत बदाम 9, म्हणजे चार वेळा हुकणार तेव्हा एकदा लागणार. लिमिटमध्ये समोरचा 10 लावतो: 110 साठी 10, भरायलाच हवेत. नो-लिमिटमध्ये तो 100 लावतो: 200 साठी 100. पाने तीच, पण आता बहुधा टाकणे बरे. लिमिटचा पट्टीचा खेळाडू अशा बारीक फायद्यांवर जगतो. नो-लिमिटवाला समोरच्याला अवघड किंमत मोजायला लावतो.

ही मोकळी पैज डॉयल ब्रन्सन, अमरिलो स्लिम अशा टेक्सासच्या भटक्या जुगाऱ्यांची. हॉर्सशूच्या बेनी बिनियनने 1971 पासून वर्ल्ड सिरीजचे विजेतेपद तिच्यावरच ठरवले. कॅलिफोर्नियात होल्डेम या पोकरच्या प्रकाराला 1987 मध्ये मोकळीक मिळाली, आणि तिथे लिमिटची टेबले भरली. मनीमेकरच्या त्या डावानंतर टीव्हीने सगळे उलटवले आणि नो-लिमिट पुढे आले. लिमिटला तेव्हापासून कंटाळवाणे म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. ब्रन्सननेही ‘सुपर/सिस्टम’ या पुस्तकात नो-लिमिटवर स्वतः लिहिले, पण लिमिट होल्डेमचे प्रकरण बॉबी बाल्डविनला दिले.

2015 मध्ये अल्बर्टा विद्यापीठातल्या मायकेल बोलिंग यांच्या गटाने ‘सेफियस’ या प्रोग्रॅमच्या मदतीने दोघांचे लिमिट होल्डेम जवळजवळ सोडवले, म्हणजे हरवता न येणारी खेळी जवळजवळ शोधली. नो-लिमिटचे तसे झालेले नाही. 2017 मध्ये पिट्सबर्गला ‘लिब्राटस’ या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना नो-लिमिटमध्ये हरवले, पण हरवणे म्हणजे सोडवणे नव्हे. पैजेचा आकडा मोकळा सोडला की शक्यता आवाक्याबाहेर जातात. सेफियसच्या उत्तरात मला सर्वांत आवडते ते हे: दोघांच्या डावात पहिली चाल करणाऱ्याने नुसती बरोबरी करू नये, वाढवावे किंवा पाने टाकावीत, हा जुन्या लिमिट खेळाडूंचा आडाखा त्याने जवळजवळ जसाच्या तसा खरा ठरवला.