मोठेपणी सुंतेचं ऑपरेशन : पुढचे सहा आठवडे कसे काढायचे

लघवीच्या जागेचा त्रास असलेला माणूस दवाखान्यात गेला तरी चारचौघांत बोलत नाही. खोली रिकामी होईपर्यंत थांबतो आणि मग हळूच सांगतो. मीही तसाच थांबलो होतो. पुढची कातडी मागं सरत नव्हती, तिला चिरा पडायच्या, लघवीला आग व्हायची. वर्षभर मेडिकलमधून मलम आणून लावलं, शेवटी ऑपरेशन करावं लागलं. घरी आल्यावर काय करायचं ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण लाजेपायी मी निम्मं विचारलंच नाही. तुमची तशी गत होऊ नये म्हणून ही माहिती.

ऑपरेशन कशासाठी लागतं?

सुंता म्हटलं की आधी धर्म आठवतो. मुस्लिम समाजात ती लहानपणीच होते. पण मोठ्या माणसाला डॉक्टर सुंता सांगतात ती बहुतेक वेळा आजारासाठी. कातडी आवळून मागं न सरणं, याला फायमोसिस म्हणतात. चाळिशी-पन्नाशीत हे नव्यानं सुरू झालं तर आधी शुगर तपासा. लघवीतून साखर जायला लागली की तिथं बुरशी वाढते, कातडी सुजते, चिरते आणि आवळत जाते. शुगरच्या काही गोळ्यांनीही लघवीतून साखर जाते. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. त्रास थोडा असेल तर काही जणांचं मलमावर भागतं, पण ते डॉक्टरांनी दिलेलं हवं.

मागं सरलेली कातडी पुढं येईना आणि टोक सुजायला लागलं तर सकाळची वाट बघू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

पहिले तीन दिवस

ऑपरेशन तासाभराच्या आतलं असतं. जागा बधिर करून किंवा कमरेत इंजेक्शन देऊन करतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. बधिरपणा उतरला की ठणका लागतो. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर घ्या, दुखणं अंगावर काढू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते ऑपरेशनच्या आधीच सांगायचं असतं.

पट्टी कधी काढायची ते दवाखान्यातच विचारून घ्या. चिकटली तर ओढू नका, उकळून कोमट केलेल्या पाण्यानं भिजवा, आपोआप सुटते. टोकाला कपडा घासला तरी झणझणतं. ते दोनेक आठवड्यांत कमी होतं. घसरणार नाही अशी मऊ सुती अंडरवेअर घालून लिंग पोटाकडं वर ठेवलं तर सूज कमी राहते. वरून लुंगी किंवा धोतर बरं.

लघवीला थोडी जळजळ होते, धार वाकडी जाते. पाणी भरपूर प्या.

रात्रीचा त्रास

हे कोणी आधी सांगत नाही. झोपेत ताठरता येते आणि टाके ताणून जाग येते. यात आपली काही चूक नाही, शरीर तसंच आहे. झोपण्याआधी लघवी करून घ्या, कुशीवर झोपा. जाग आली तर उठून चार पावलं चाला, परत लघवीला जाऊन या. पहिल्या आठवड्यानंतर हा त्रास कमी होत जातो.

जखम धुणं

डॉक्टर हो म्हणाले की अंगावरून पाणी घेऊन आंघोळ करा. जखमेला साबण चोळू नका, टिपून कोरडी करा. विहिरीत, कॅनॉलमध्ये किंवा नदीत उतरू नका. हळद, राख, डेटॉल, झाडपाला यातलं काही लावू नका. टोकावर पिवळसर पातळ पापुद्रा दिसतो, तो खरवडू नका. वास आणि ठणका नसेल तर तो पू नसतो. टाके बहुतेक विरघळणारे असतात आणि दोन-तीन आठवड्यांत गळतात. तंबाखू आणि बिडी या दिवसांत तरी बंद ठेवा, त्यानं जखम भरायला वेळ लागतो. शुगर वाढलेली असेल तरीही तसंच होतं.

शेतातलं काम

माझी चूक इथंच झाली. रात्रपाळीची लाइट होती. चौथ्या दिवशी मोटर चालू करायला म्हणून मोटारसायकलवर गेलो. खड्ड्यात आदळलो आणि घरी येईपर्यंत कपडा लाल. एक टाका निघाला होता, तो परत घालावा लागला.

बसून करायचं काम चार-सहा दिवसांनी जमतं. मोटारसायकल, ट्रॅक्टर, सायकल, पाठीवरचा पंप आणि खताची गोणी यांना मात्र दोन ते चार आठवडे हात लावू नका. शक्य असेल तर ऑपरेशनची तारीख सुगीच्या तोंडावर घेऊ नका.

नवरा-बायकोसाठी

टाके गळाले म्हणजे जखम पक्की झाली असं नाही. वरून कातडी जुळलेली दिसते, आतून ती कच्ची असते. सहा आठवडे संबंध टाळा, हातानंही ताण देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनाही सहा आठवडेच सांगते. त्यानंतरही सुंता झाली म्हणून निरोधाची गरज संपत नाही. बायकोला आधीच सांगून ठेवा, म्हणजे घरात गैरसमज होत नाही.

लगेच दवाखान्यात कधी?

- स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबूनही रक्त थांबत नसेल
- लघवी होत नसेल
- ताप, थंडी किंवा घाण वासाचा पू असेल
- तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर सूज, लाली किंवा ठणका उतरायच्या ऐवजी वाढत असेल
- टोक निळं-काळं पडलं असेल
- टाके उसवून जखम उघडी पडली असेल

उपजिल्हा रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात सर्जनच्या ओपीडीचा वार विचारून जा. कातडीवर गाठ, न भरणारी जखम किंवा पांढरा कडक चट्टा असेल तर तोही दाखवा, कारण क्वचित त्यामागं कॅन्सर असतो. डॉक्टरांना यात नवीन काही नसतं. जनावराच्या खुराला जखम झाली तर आपण त्याच दिवशी डॉक्टर बोलावतो. स्वतःच्या बाबतीत वर्ष घालवू नका.