वाऱ्याचे भागधारक : डेन्मार्कच्या पवनचक्क्यांचा इतिहास

१९७३ च्या नोव्हेंबरपासून डेन्मार्कचे रस्ते दर रविवारी ओस पडू लागले. अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला होता, म्हणून सरकारने रविवारी खासगी मोटारी चालवण्यास बंदी घातली होती. देशाची जवळजवळ नव्वद टक्के ऊर्जा परदेशी तेलातून येत होती. वीज कंपन्यांपाशी या संकटावर एक उत्तर तयार होते : अणुभट्ट्या. डेन्मार्कने ते उत्तर नाकारले आणि वाऱ्याची वाट धरली. हे कसे घडले ते समजण्यासाठी आणखी शंभर वर्षे मागे जावे लागते.

१८६४ च्या युद्धात प्रशिया आणि ऑस्ट्रियाने डेन्मार्कचा दारुण पराभव केला. श्लेस्विग-होल्स्टाइनचा मुलूख गेला आणि त्याबरोबर रोडिंग येथील प्रौढ ग्रामीण तरुणांची लोकशाळाही सीमेपलीकडे गेली. तिचे कार्य चालू ठेवण्यासाठी १८६५ मध्ये सीमेच्या अलीकडे, आस्कोव्ह या खेड्यात, नवी शाळा उभी राहिली. परीक्षा नाहीत, पदव्या नाहीत. शेतकऱ्यांच्या मुलांनी इतिहास, विज्ञान आणि सार्वजनिक जीवन शिकावे, एवढाच हेतू. याच ग्रामीण डेन्मार्कमध्ये १८८२ साली येडिंग गावी पहिली सहकारी दुग्धशाळा निघाली. तेथे गायी कितीही असोत, मत प्रत्येकाला एकच. महाराष्ट्रातील दूध संघांच्या सर्वसाधारण सभा पाहिलेल्यांना या नियमाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

आस्कोव्हच्या शाळेत पोल ला कूर नावाचे विज्ञानशिक्षक होते. मूळचे हवामानशास्त्रज्ञ, स्वभावाने संशोधक. शहरांत विजेचे दिवे लागत आहेत आणि खेडी अंधारातच राहतील, ही चिंता त्यांना होती. १८९१ मध्ये सरकारी अनुदानातून त्यांनी शाळेच्या आवारात प्रायोगिक पवनचक्की उभारली. वारा पडला की वीज थांबते, ही अडचण तेव्हाही होतीच. ला कूर यांनी विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन साठवला आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. हायड्रोजनचे स्फोट होऊन खिडक्यांच्या काचाही फुटल्या. पण प्रयोग थांबला नाही. पुढे त्यांनी खेड्यांतील तरुणांसाठी वीजतंत्राचे अभ्यासक्रम सुरू केले. यंत्र बांधणे आणि ते चालवणारी माणसे घडवणे ही दोन कामे त्यांनी कधी वेगळी मानली नाहीत.

त्या अभ्यासक्रमाला १९०४ साली योहानेस यूल नावाचा एक तरुण बसला होता. अर्ध्या शतकानंतर, एका वीज कंपनीत अभियंता असताना, त्याने गेडसर येथे २०० किलोवॅटची पवनचक्की बांधली (१९५७). तीन पाती, साधा असिंक्रोनस जनित्र, आणि वादळात चक्की बेफाम होऊ नये म्हणून पात्यांच्या टोकांना आपोआप उघडणारे ब्रेक. दहा वर्षे ती चालली. पण तेल इतके स्वस्त होते की तिची वीज कोणाला हवीशी वाटली नाही, आणि १९६७ मध्ये ती थांबवण्यात आली.

तेलसंकटानंतर जगभर पवनऊर्जेची आठवण झाली, तेव्हा अमेरिका आणि जर्मनी यांनी बड्या उद्योगांकडे आणि संशोधन संस्थांकडे ते काम सोपवले. जर्मनीची ‘ग्रोव्हियान’ ही ३ मेगावॅटची अजस्र चक्की फारशी चाललीच नाही. १९८७ मध्ये ती बंद झाली. डेन्मार्कमध्ये उलटे घडले. क्रिश्चन रीसेअर या सुताराने बाजारात मिळणारे सुटे भाग जोडून २२ किलोवॅटची चक्की बनवली. तिचा आराखडा सरळ यूलच्या गेडसरचा. ट्विंड येथील शाळेच्या शिक्षकांनी आपले पगार एकत्र करून, विद्यार्थी आणि स्वयंसेवकांच्या हातांनी, १९७८ मध्ये २ मेगावॅटची चक्की उभी केली. (त्या शाळेच्या धुरीणांविषयी पुढे बरेच वाद झाले, तो विषय निराळा.) त्याच वर्षी चक्कीमालकांनी स्वतःची संघटना काढली. कोणाची चक्की किती वीज देते, कोणाची मोडते, हे आकडे मासिकातून उघड छापले जाऊ लागले. वाईट यंत्र बनवणाऱ्याला लपायला जागा उरली नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या मासिकाला जितके श्रेय मिळायला हवे तितके क्वचितच मिळते.

दुसरीकडे अणुऊर्जेविरुद्धचे जनआंदोलन १९७४ पासून पसरत होते. हसऱ्या सूर्याचे ‘अणुऊर्जा? नको, धन्यवाद’ हे जगप्रसिद्ध चिन्ह १९७५ साली याच आंदोलनातून, ऑरहूस शहरात, जन्मले. १९८५ मध्ये संसदेने अणुऊर्जा राष्ट्रीय नियोजनातून कायमची वगळली.

सरकारने १९७९ पासून चक्कीच्या किमतीच्या तीस टक्के अनुदान दिले, पण केवळ रिसो येथील चाचणी केंद्राने प्रमाणित केलेल्या यंत्रांना. शेजारी एकत्र येऊन पवनचक्की मंडळी स्थापन करू लागले. वर्षाला हजार युनिट विजेइतका एक भाग, आणि भाग घेणारा चक्कीच्या परिसरातलाच रहिवासी हवा, अशी अट. चक्कीची सावली ज्याच्या अंगणात पडे, वर्षअखेरीस लाभांशही त्याच्याच घरी येई. शतकाच्या अखेरीस एक लाखाहून अधिक कुटुंबे अशा मंडळ्यांची भागधारक होती.

कोपनहेगनच्या बंदरासमोर २००० साली उभ्या राहिलेल्या मिडलग्रुंडनच्या चक्क्या पाहाव्यात. मूळ आराखड्यात तीन रांगांत सत्तावीस चक्क्या होत्या. नागरिकांनी हरकती घेतल्या. चर्चेअंती वीस चक्क्यांची एकच डौलदार कमान ठरली. त्यातल्या दहा वीज कंपनीच्या, दहा सुमारे साडेआठ हजार सभासदांच्या सहकारी मंडळीच्या. त्याच सुमारास साम्सो या जेमतेम चार हजार वस्तीच्या बेटाने जमिनीवर अकरा आणि मग समुद्रात दहा चक्क्या उभारल्या. त्यांत शेतकरी, नगरपालिका आणि लहान भागधारक असे सारेच मालक होते.

मात्र नेमक्या याच वर्षांत पाया सरकत होता. युरोपातील वीजबाजार खुला झाला आणि रहिवासाची अट गेली. चक्क्या इतक्या महाग आणि उंच झाल्या की गावकऱ्यांच्या वर्गणीतून त्या उभ्या राहीनात. बाहेरचे गुंतवणूकदार आले. २००१ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने समुद्रातील नियोजित पाचपैकी तीन प्रकल्प रद्द केले. जमिनीवरचे कामही काही वर्षे जवळपास ठप्प झाले. आणि ज्या गावांनी पूर्वी चक्क्यांच्या उद्घाटनाला सोहळे केले, तीच गावे आता आवाज आणि सावलीच्या तक्रारी घेऊन सभांना येऊ लागली. आवाज पूर्वीही होताच. तो दुसऱ्याचा झाला होता.

सरकारला हे कळले नाही असे नाही. २००८ च्या कायद्याने प्रत्येक नव्या प्रकल्पातील किमान वीस टक्के भाग प्रथम साडेचार किलोमीटरच्या आतील रहिवाशांना देऊ करणे बंधनकारक केले. ज्या गोष्टी शेजाऱ्यांनी आपण होऊन केल्या होत्या, त्या आता कायद्याने करवून घ्याव्या लागत होत्या.

आज डेन्मार्कमध्ये वापरल्या जाणाऱ्या विजेपैकी निम्म्याच्या आसपास वीज वाऱ्यातून येते. ट्विंडची चक्की चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही फिरत राहिली. २००८ ची ती भागखरेदीची तरतूद मात्र २०२० मध्ये रद्द झाली. तिच्या जागी नव्या चक्कीच्या जवळ राहणाऱ्यांना दरवर्षी काही रक्कम मिळते. त्यासाठी सभासद व्हावे लागत नाही, आणि मतही द्यावे लागत नाही.